वाचा, श्रवण, गिळणं: नागपुरात पहिलं संशोधन हाती घेताना

शोधनिबंधाचा विषय विचारायला येणाऱ्या मुलामुलींच्या हातात बहुतेक वेळा एखादा परदेशी पेपर असतो. त्याच्या शीर्षकाला "भारतीय मुलांमध्ये" एवढं जोडलं की विषय तयार, अशी समजूत. मग अर्धं वर्ष त्यातली चाचणी मराठीत आणण्यात जातं आणि निष्कर्ष काय निघतो, तर आपल्याकडच्या मुलांना ती चाचणी नीट जमत नाही. जमणार कशी? ती त्यांच्यासाठी केलेलीच नव्हती.

हा लेख बीएएसएलपी-एमएएसएलपीच्या, म्हणजे वाचा-श्रवण शाखेच्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. ईएनटी किंवा मेडिसिनचे निवासी डॉक्टर आणि विशेष शिक्षक यांनाही तो चालेल. माझं म्हणणं थोडक्यात एवढंच: नागपुरात काम करणाऱ्यानं रुग्ण मोजायच्या आधी मोजपट्टी तपासावी. आपण वापरतो त्या कितीतरी चाचण्या इंग्रजीतून आल्यात, काही मैसूरहून, काही मुंबई-पुण्याच्या मराठीतून. त्यांचं "नॉर्मल" आणि काटोल-उमरेडकडचं नॉर्मल एकच आहे, असं गृहीत धरून चालत नाही.

पायरी १: प्रश्न ओपीडीतून उचला

मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ईएनटी (कान-नाक-घसा) ओपीडीबाहेर एक सकाळ नुसतं बसून काढा, फॉर्म-बिर्म काही न भरता. कोण येतं, कुठून येतं, तक्रार कोणत्या शब्दांत सांगतं, ते ऐका. नागपूरकडे विदर्भ तर येतोच, शिवाय मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडूनही रुग्ण येतात. आत गेल्यावर डॉक्टरांना सांगतात ते वेगळं असतं आणि बाकावर शेजाऱ्याला सांगतात ते वेगळं. संशोधकाच्या कामाचं बहुधा बाकावरचं असतं.

या भागाचे म्हणावेत असे काही प्रश्न तिथं आपोआप दिसतात. पहिला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं हे मिश्रण इथं पानठेल्यापानठेल्यावर मिळतं. सुपारी हा कर्करोगकारक पदार्थ आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नोंदवलंय. तंबाखू बाजूला ठेवली तरी धोका उरतोच. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा कडक होते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. हा सबम्युकस फायब्रोसिस. दंतवैद्य तोंड किती मिलिमीटर उघडतं ते मोजतात. पण अशा माणसाचं गिळणं कसं असतं, जेवायला किती वेळ लागतो, उच्चार कुठं अडतात, हे आपल्या शाखेचं काम आहे. व्हर्नियर कॅलिपर आणि गिळण्याच्या तक्रारींची ईएटी-१० प्रश्नावली एवढ्यावर एक चांगला पहिला अभ्यास उभा राहतो. ईएटी-१० मध्ये दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी हवी. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचं बोलणं-गिळणं हा याचाच पुढचा भाग. त्यासाठी तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट शहरातच आहेत.

दुसरा सिकलसेल. आतल्या कानातल्या कॉक्लियाला रक्त एका बारीक धमनीतून मिळतं आणि ती तुंबली तर पर्यायी वाट नसते. विळ्याच्या आकाराच्या पेशी तिथं अडकल्या की ऐकणं कमी होऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. रक्ताच्या तपासणीवर लक्ष आहे, कानावर तेवढं नाही. इथं तुलनेसाठी सर्वात चांगला गट म्हणजे त्याच घरातली सिकलसेल नसलेली भावंडं. घर तेच, जेवण तेच, आवाजाचं वातावरण तेच.

तिसरा खाणी. उमरेड-सावनेरकडे कोळसा, मनसरकडे मँगनीज. यावर पुढे बोलू.

प्रश्न सापडला की तो घट्ट करा. "नागपुरातील मुलांच्या भाषाविकासाचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे. "नागपूर जिल्ह्यात घरी वऱ्हाडी-नागपुरी बोलणाऱ्या ४ ते ५ वर्षांच्या मुलांना उच्चार-चाचणीत प्रमाण मराठीऐवजी घरच्या बोलीनुसार गुण दिले, तर दोष असलेल्या मुलांचं प्रमाण किती बदलतं?" हा प्रश्न. कोण, काय मोजायचं आणि कशाशी ताडायचं, तिन्ही त्यात आलं.

पायरी २: आधी कुणी काय केलंय ते बघा

पबमेडवर शोधून "मराठीत काहीच काम नाही" असं लिहून मोकळं होऊ नका. मराठीतलं बरंचसं काम विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आहे, जर्नलमध्ये आलेलंच नाही. मैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेनं जुने प्रबंध ऑनलाइन ठेवलेत. पीएचडीचे प्रबंध शोधगंगेवर मिळतात. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. तिथल्या ग्रंथालयात बसायला मिळालं तर दोन दिवस काढून जाच. बोलीसाठी ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड (१९०५) चाळा. वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने त्यात आहेत. शंभराहून जास्त वर्षं जुना असला तरी बोलीतलं वळण आणि मुलाची चूक यांतला फरक दाखवायला तो कामी येतो.

पायरी ३: "बरोबर" म्हणजे काय, ते आधी ठरवा

घाई करू नये अशी हीच पायरी आहे.

समजा, पाच वर्षांचा मुलगा समोर बसलाय. चित्र डोळ्याचं. तो म्हणतो, "डोया." शाळेचं चित्र दाखवलं, तो म्हणतो, "शाया." काळा रंग, "काया." विद्यार्थ्यानं तीनदा फुली मारली: ळ च्या जागी य, उच्चारदोष. तेवढ्यात मागं बसलेली आजी म्हणते, "त्याच्या डोयाले बी दाखवाचं हाये मॅडम." फुली मारायची तर मग आजीलाही मारा.

त्याच वर्गात दुसरी मुलगी "शाला" म्हणते. तिच्या घरी हिंदी बोलतात, आणि हिंदीच्या बोलण्यात ळ नाही. तिसरा मुलगाही ळ चा ल करतो. पण तो र चाही ल करतो, ट चा त करतो, आणि शेजारच्या बाईंना त्याचं बोलणं कळत नाही. तिघांच्याही कागदावर ळ खाली फुली आहे. त्यातला एकच आपल्या कामाचा.

म्हणून नोंदवहीत दोन रकाने ठेवा: एक प्रमाण मराठीनुसार, दुसरा घरच्या बोलीनुसार. आणि मुलाला तपासण्याआधी त्याच्या घरच्या मोठ्या माणसाकडून तीच चित्रं वदवून घ्या, रेकॉर्ड करा. पाच-सात मिनिटांचं काम आहे, पण त्याशिवाय दुसरा रकाना भरताच येत नाही. शब्द निवडताना ळ आणि ण वर सगळा भार टाकू नका, कारण ग्रामीण भागात "पानी", "कोन" सर्रास ऐकू येतं. ट-ठ-ड-ढ, च-ज, र आणि ख-घ-भ सारखे महाप्राण यांवर जास्त शब्द घ्या. च-ज घेताना चमच्यातला च आणि चहातला च वेगवेगळे मोजायला विसरू नका. मराठीत ते दोन ध्वनी आहेत, लिपीत मात्र एकच अक्षर.

व्याकरणाचंही तसंच. "मले दे", "तो जाऊन रायला" ही वाक्यं इथल्या मुलाच्या भाषाविकासाची खूण आहेत, विकाराची नाहीत. भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली आणखी वेगळी. ती बोलणारी मुलं घेणार असाल तर तिथला एक माणूस अभ्यासगटात हवाच. फोनवर विचारून चालवून घेऊ नका.

हाच धडा अफेजियात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा हरवते तिथं, उलटा लागू होतो. पक्षाघात झालेल्या निरक्षर आजींना रेघांचं चित्र दाखवून "हे काय?" विचारलं आणि त्या गप्प बसल्या, तर शब्द हरवलाय की असलं चित्र कधी पाहिलंच नाही, हे कळत नाही. खरी वस्तू हातात द्या: चमचा, कुलूप, कंगवा. तुलनेच्या गटातही तेवढंच शिकलेली माणसं घ्या. पदवीधर मुलगा "नॉर्मल" म्हणून शेजारी बसवायचा, याला काही अर्थ नाही.

पायरी ४: एथिक्स

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, पहिला सहभागी नंतर. नंतर मागून मंजुरी मिळत नाही, जुन्या केसपेपरांवरच्या कामालाही अर्ज करावाच लागतो. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मुळातून वाचा. ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी संमती, १२ ते १८ ची लेखी, आणि दोन्हींत पालकांची स्वतंत्र संमती. कसलाही उपचार किंवा थेरपी देऊन परिणाम बघणार असाल, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणीही पहिल्या सहभागीआधीच व्हायला हवी.

संमतीपत्र मराठीत आणि हिंदीत, दोन्ही हवं. अफेजियाच्या रुग्णासाठी छोटी वाक्यं, मोठी अक्षरं, शेजारी साधं चित्र. अंगठा घ्यायचा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. शाळेत जायचं तर मुख्याध्यापकांच्या परवानगीनं पालकांची परवानगी झाली असं होत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयासारख्या ठिकाणी जाणार असाल तर सांकेतिक भाषा जाणणारी व्यक्ती सोबत हवी. मुलांशी शिक्षकांमार्फतच बोललात तर मुलं शिक्षकांना आवडेल तेच सांगतील.

पायरी ५: मोजमाप

*आवाज आणि बोलणं.* नागपुरात मार्च ते जून कूलर चालतो आणि कूलर रेकॉर्डिंगमध्ये बसतो. त्याची घरघर आणि विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण, दोन्ही. माणसाच्या आवाजातला खरखरीतपणा मोजायला बसाल तर आकडे कूलरचे येतील. कूलर-पंखा बंद करून रेकॉर्ड करा, म्हणजे सकाळी लवकर; दुपारी ४५ अंशांत रुग्णाला बंद खोलीत बसवणं बरोबर नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेली क्लिप वापरू नका, ती दाबलेली असते. वेव्ह फाइल, ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट. माइक आणि तोंडातलं अंतर प्रत्येकाला सारखं. डोक्याला लावायचा माइक मिळाला तर प्रश्नच मिटला. फोनवर करणार असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट पुसणारी सोय बंद होते का, ते आधी बघा. "आ" लांबवायला सांगून मधला स्थिर भाग घ्या. विश्लेषणाला अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातून आलेलं प्राट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फाइलला रुग्णाचं नाव देऊ नका, कोड द्या.

*ऐकणं.* आधी कानात बघा. मळ असेल तर काढून घ्या, नाहीतर तुमचा अभ्यास मळावर होईल. यंत्राचं कॅलिब्रेशन वर्षातून एकदा होतं, पण रोज सकाळी, ज्याचं ऐकणं माहीत आहे अशा एका सहकाऱ्यावर ते तपासून घ्यायचं. तपासणी पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टनंच करावी.

मग वर्गीकरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या पद्धतीत ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची चांगल्या कानाची सरासरी २५ डेसिबलपर्यंत असेल तर "नॉर्मल". २०२१ च्या अहवालात ही रेषा २० वर आली. २२ डेसिबलचा माणूस एकात निरोगी, दुसऱ्यात सौम्य श्रवणदोष असलेला. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ ची व्याख्या आणखी वेगळी: दोन्ही कानांत ६० ते ७० असेल तर ऐकू कमी येणारा, ७० असेल तर बहिरा. कोणती रेषा धरली ते पहिल्याच पानावर लिहा, आणि मधे बदलू नका.

खाणकामगारांचं ऐकणं मोजताना पाळी संपल्यावर लगेच मोजू नका. मोठ्या आवाजानंतर ऐकणं तात्पुरतं खाली जातं आणि काही तासांत, कधी दीड-दोन दिवसांत वर येतं. आधी किमान १४ तास शांततेत गेलेले हवेत, म्हणजे बहुतेक वेळा सुट्टीनंतरची सकाळ. हाच नियम मारबतीच्या मिरवणुकीत किंवा विसर्जनाच्या डीजेसमोर नाचून आलेल्या कॉलेजच्या पोरांनाही. आवाजानं झालेली इजा साधारणपणे ४००० हर्ट्झजवळच्या खाचेत दिसते. पण वय वाढलं की वरच्या कंपनांचं ऐकणं तसंही कमी होतं, म्हणून त्याच वयाचे, खाणीत न गेलेले लोक तुलनेला हवेत.

*गिळणं.* नवशिक्यानं इथं व्हिडिओफ्लुरोस्कोपीचं, म्हणजे गिळतानाच्या एक्स-रे चित्रफितीचं, स्वप्न बघत बसू नये. त्याला रेडिओलॉजी विभाग लागतो, बेरियम लागतं, वेळ मिळवावा लागतो. एंडोस्कोपीनं गिळणं बघायचं तर ईएनटीचे डॉक्टर हवेत. त्यांच्याशिवाय नुसत्या निरीक्षणावर "श्वासनलिकेत काही जात नाही" असं लिहू नका. काही रुग्णांच्या श्वासनलिकेत घास उतरतो आणि ठसकासुद्धा लागत नाही.

पण या भागासाठी खरोखर उपयोगी पडेल आणि स्वयंपाकघरात करता येईल असं एक काम आहे. रुग्णाला "घट्ट द्रव द्या" असं सांगून आपण घरी पाठवतो. घरात काय असतं? ताक, वरण, आंबील, भाताची पेज. यातलं घट्ट कोणतं आणि किती? त्यासाठी आयडीडीएसआय ही गिळण्याचा त्रास असलेल्यांच्या अन्न-द्रवांची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ० ते ७ अशा आठ पातळ्यांची. पहिल्या काही पातळ्या १० मिलिच्या सिरिंजनं मोजता येतात. सिरिंज नीट निवडा: शून्यापासून १० च्या खुणेपर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं, सगळ्या कंपन्यांचं तेवढं नसतं.

दट्ट्या काढा. तोटीवर बोट ठेवा. १० मिलिपर्यंत आंबील भरा. बोट काढा, घड्याळ लावा, दहा सेकंदांनी पुन्हा बोट ठेवा. उरलं किती? १ मिलिपेक्षा कमी, तर पातळी ०. १ ते ४, पातळी १. ४ ते ८, पातळी २. ८ च्या वर, पातळी ३. काहीच गळलं नाही, तर काट्यावरून थेंब कसे पडतात आणि चमचा वाकवल्यावर गोळा कसा सुटतो ते बघायचं. कण्या राहिलेल्या असतील तर तोटी तुंबते आणि आकडा खोटा येतो, म्हणून गाळून आणि न गाळता अशा दोन्ही नोंदी ठेवा.

मजा पुढे आहे. उकळीतून उतरवलेली आंबील आणि तासाभरानं कोमट झालेली आंबील एकाच पातळीवर राहत नाही, पिठूळ पदार्थ निवताना घट्ट होतो. आणि तोच वाडगा रुग्णानं उष्ट्या चमच्यानं अर्धा खाल्ला की उरलेलं पातळ होतं, कारण लाळेतलं अमायलेज पिठाचं विघटन करतं. म्हणजे जेवणाच्या सुरुवातीला सुरक्षित असलेला घास शेवटी तितका सुरक्षित नसेल. ज्वारीचं पीठ किती, पाणी किती, किती वेळ शिजवलं, तापमान काय, किती वेळानं मोजलं, एवढे रकाने करून दहा घरांच्या पद्धतीनं आंबील मोजा. रुग्ण लागत नाही, खर्च नगण्य, आणि त्यातून निघणारा तक्ता वॉर्डात भिंतीवर लावता येतो.

पायरी ६: माणसं कधी येतील

सॅम्पल साइज संख्याशास्त्रज्ञाला आधी विचारून ठरवा, डेटा गोळा झाल्यावर नव्हे. पण तेवढीच महत्त्वाची गोष्ट संख्याशास्त्रज्ञ सांगणार नाही. फॉलोअपची तारीख पेरणीत किंवा कापूस वेचणीत पडली की माणूस येत नाही. पहिली भेट अशी ठरवा, की ती आणि तीन महिन्यांनंतरची भेट, दोन्ही जून-जुलै आणि दिवाळीच्या आसपासच्या महिन्यांत अडकणार नाहीत. बसभाड्याची तरतूद बजेटमध्ये लिहा. ते मंजूर होतं. विचारत मात्र कुणी नाही.

पायरी ७: दुसऱ्याचे कान

उच्चार, तोतरेपणा, आवाजाची प्रत, सगळं कानानं ठरवायचं असेल तर निदान दहा-वीस टक्के रेकॉर्डिंग दुसऱ्या माणसाकडून, तुमचे गुण न दाखवता, मोजून घ्या. त्यातलं एखादं स्वतःही महिन्याभरानं पुन्हा मोजा. दोन्हींत किती जुळतं ते कप्पा किंवा आयसीसी या जुळणीच्या मापांनी दाखवतात. दुसरा माणूस पुण्याचा असला तर त्याला आधी "डोया" ऐकवा. ईएटी-१० सारख्या गुणांची सरासरी काढण्यापेक्षा मध्यक द्या. बाकी संख्याशास्त्र शिकायला पुस्तकं आहेत.

पायरी ८: लिहिणं आणि पाठवणं

निरीक्षणात्मक अभ्यास असेल तर स्ट्रोब, ट्रायल असेल तर कन्सॉर्ट, एकाच रुग्णावर असेल तर केअर. ही चेकलिस्ट लिहायला बसताना समोर ठेवा, लिहून झाल्यावर नव्हे. पहिल्या पेपरसाठी इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशनचं जर्नल बघा. चार दिवसांत छापू असा मेल आला आणि सोबत बँक खात्याचा नंबर असला तर तो मेल काढून टाका.

निकाल शाळेला आणि घरच्यांना मराठीत, एका पानावर द्या. मुलाचे दोन्ही रकाने त्यात असू द्या, आणि त्याला थेरपी लागत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. नाहीतर शाळेतून निघताना कागदावर राहिलेली ती ळ खालची फुली बघून कुणीतरी त्याला पुढच्या वर्षी पुन्हा ओपीडीत घेऊन येईल.